‘पा’ म्हणजे पाऊल की नाही? एका फ्रेंच तापमान-रेकॉर्डरच्या मराठी पुस्तिकेचं प्रकरण

जानेवारीतला तिसरा सोमवार. सकाळी साडेआठला निफाड तालुक्यातल्या एका द्राक्ष पॅकहाऊसमधून फोन आला. कोल्ड स्टोअर सांभाळणारे ऑपरेटर बोलत होते.

“मॅडम, डेटा उतरवला, पण गेल्या सोमवारचा दिवस त्यात नाहीच. रविवारपर्यंतचं सगळं आहे, फक्त पहिला दिवस गायब. त्याच्या मागच्या आठवड्यातही असंच झालं होतं.”

मशीन बिघडलं असेल असं त्यांना वाटत होतं. मलाही क्षणभर तसंच वाटलं. दुपारपर्यंत कळलं की मशीन ठणठणीत आहे. चूक माझ्या भाषांतरात आहे.

मी फ्रेंच शिकवते आणि तांत्रिक भाषांतरं करते. आदल्या नोव्हेंबरमध्ये या पॅकहाऊसने फ्रान्समधल्या एका फळसाठवणुकीच्या गोदामातून निघालेली जुनी यंत्रसामग्री घेतली होती. तिच्यात एक भिंतीवर लावायचा तापमान-रेकॉर्डर होता. सहा चॅनेल, सहा पीटी-१०० प्रोब (तापमान बदललं की ज्यांचा विद्युतरोध बदलतो असे संवेदक), आत मेमरी, आणि आठवड्यातून एकदा कॉम्प्युटरला जोडून डेटा उतरवायचं सॉफ्टवेअर. डिस्प्लेवरचा मेनू फक्त फ्रेंचमध्ये, पुस्तिकाही फ्रेंचमध्ये. द्राक्षं निर्यातीला जाणार म्हणजे प्रीकूलिंगपासून, म्हणजे तोडलेला माल पहिल्यांदा थंड करण्यापासून, कंटेनर भरेपर्यंत तापमानाची सलग नोंद दाखवावी लागते. शून्याच्या आसपास तापमान आणि ९० ते ९५ टक्के आर्द्रता हवी. ती ढळली की आधी देठ सुकतो आणि मग माल बसतो. म्हणून रेकॉर्डर चालायलाच हवा होता, आणि तो चालवणारी माणसं मराठी वाचणारी होती. माझ्याकडे दोन कामं आली: पुस्तिकेचं मराठी भाषांतर, आणि डिस्प्लेवर दिसणाऱ्या प्रत्येक फ्रेंच ओळीसमोर तिचा मराठी अर्थ लिहिलेला एक मोठा तक्ता. तो रेकॉर्डरच्या शेजारी भिंतीवर लावायचा होता. ऑपरेटरने डिस्प्लेवरची अक्षरं तक्त्यातल्या अक्षरांशी जुळवायची आणि समोरचं मराठी वाचायचं. कल्पना चांगली होती, अजूनही चांगली वाटते.

एक ओळ, दोन अर्थ

गायब झालेल्या दिवसामागे एकच फ्रेंच ओळ होती: ‘पा दांरजिस्त्रमां’.

फ्रेंचमध्ये ‘पा’ या शब्दाचे दोन उपयोग आहेत आणि दोन्हींचं लेखन अगदी एकसारखं. एक ‘पा’ म्हणजे पाऊल, आणि त्यावरून टप्पा, दोन गोष्टींमधलं ठरावीक अंतर. स्क्रूच्या दोन आट्यांमधल्या अंतरालाही हाच शब्द आहे. दुसरा ‘पा’ नकाराचा. त्यामुळे ‘पा दांरजिस्त्रमां’ ही ओळ कुठे दिसते त्यावर तिचा अर्थ ठरतो. सेटिंगच्या मेनूत दिसली तर ‘दर किती वेळाने नोंद घ्यायची’. मुख्य पडद्यावर एकटीच झळकली तर ‘रेकॉर्डिंग चालू नाही’.

गंमत म्हणजे हे दोन्ही ‘पा’ मुळात एकच. जुन्या फ्रेंचमध्ये ‘मी एक पाऊलही चालत नाही’ असं नकाराला जोर देण्यासाठी म्हणत. हळूहळू पावलाचा अर्थ झिजला आणि नुसता नकार उरला. आपण ‘तसूभरही हलला नाही’ म्हणतो तेव्हा असंच करत असतो. तसू म्हणजे गजाचा चोविसावा भाग. माप विसरलं गेलं, नकाराचा जोर तेवढा राहिला. हे मी वर्गात मुलांना आवडीने सांगते. आणि तरीही मी फसले.

फसले ते अशामुळे. डिस्प्लेवरच्या ओळी मला एका एक्सेल शीटमध्ये आल्या होत्या, एकाखाली एक, कुठली ओळ कुठल्या पडद्यावरची हे न लिहिता. मी भाषांतराचं जे सॉफ्टवेअर वापरते, ते आधी केलेलं प्रत्येक वाक्य लक्षात ठेवतं आणि तेच वाक्य पुन्हा आलं की जुनं भाषांतर आपोआप भरतं. ‘पा दांरजिस्त्रमां’ पहिल्यांदा सूचनांच्या यादीत आली. तिथे मी बरोबर लिहिलं: ‘रेकॉर्डिंग नाही’. पुढे शंभरेक ओळींनंतर ती सेटिंगच्या यादीत पुन्हा आली. सॉफ्टवेअरने शंभर टक्के जुळणी दाखवून तिथेही ‘रेकॉर्डिंग नाही’ भरलं आणि मी हिरव्या खुणेवर विश्वास ठेवून पुढे गेले. तक्त्यात ही ओळ एकदाच छापली गेली, एकाच अर्थाने.

ऑपरेटरला सेटिंगमध्ये दिसलं: ‘रेकॉर्डिंग नाही : १० मिनिटं’. त्यांनी जो विचार केला तो अतिशय सरळ होता. मशीन दहा मिनिटं नोंद न घेता गप्प बसतं, मग ही गप्प बसायची वेळ जितकी कमी तितकं बरं. त्यांनी १० चं १ केलं.

आता हिशेब बघा. दर दहा मिनिटांनी एक नोंद म्हणजे दिवसाला प्रत्येक चॅनेलच्या १४४. दर मिनिटाला म्हणजे १,४४०. ज्या मेमरीत सहा चॅनेलची साठ दिवसांची नोंद मावायची, ती सहा दिवसांत भरू लागली. भरल्यावर हा रेकॉर्डर थांबत नाही. सगळ्यात जुन्या नोंदीवर नवी लिहीत जातो. डेटा उतरवायचा दर सोमवारी, म्हणजे सात दिवसांनी. म्हणून प्रत्येक आठवड्याचा पहिला दिवस पुसला जात होता. मशीनने सांगितलं ते चोख केलं होतं, ऑपरेटरने वाचलं ते चोख केलं होतं. चुकीचं होतं ते माझं मराठी.

फोनवर मी त्यांना आकडा परत १० करायला सांगितला आणि त्याच आठवड्यात निफाडला गेले. खरं तर तक्ता करण्याआधीच जायला हवं होतं.

बर्फाचा डबा

पॅकहाऊसमध्ये मी एक पूर्ण शिफ्ट रेकॉर्डरसमोर स्टूल टाकून बसले. बाहेर ट्रॅक्टरमधून क्रेट उतरत होत्या, आत बायका मणी छाटत होत्या, सगळीकडे द्राक्षांचा आणि सल्फर पॅडचा वास. ऑपरेटर भाऊंना म्हटलं, “तुम्ही रोज जे करता ते करा, मी फक्त बघते.” त्या दिवशी प्रोब तपासायचा वार होता, आणि तिथे मला पहिलीपेक्षा मोठी चूक दिसली.

मूळ पुस्तिकेत एक सूचना आहे: आठवड्यातून किमान एकदा वितळत्या बर्फात प्रोबचं ‘कोंत्रोल’ करा. पद्धत जगभर तीच आहे. बर्फाचा चुरा आणि थोडं पाणी यांचं मिश्रण शून्य अंशावर राहतं. प्रोब त्यात बुडवला की रेकॉर्डरने शून्य दाखवायला हवं. काय दाखवलं ते लिहून ठेवायचं. फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तर तंत्रज्ञाला बोलवायचं.

मी लिहिलं होतं: ‘आठवड्यातून एकदा वितळत्या बर्फात प्रोब नियंत्रित करावा.’

फ्रेंच ‘कोंत्रोल’ इंग्रजीत जाऊन ‘कंट्रोल’ झाला आणि तिथे त्याचा अर्थ ताबा, नियमन असा पसरला. फ्रेंचमध्ये तो अजूनही मुख्यतः तपासणी आहे. रेल्वेत तिकीट बघणारा, विमानतळावर पासपोर्ट बघणारा, सगळे ‘कोंत्रोल’ करतात. शब्दाची घडणच तशी आहे: ‘कोंत्र’ म्हणजे विरुद्ध किंवा समोर, ‘रोल’ म्हणजे गुंडाळी, वही. मूळ वहीसमोर ठेवलेली दुसरी वही, एकीवरून दुसरी ताडून पाहण्यासाठी. माझ्या टेबलावर फ्रेंच–इंग्रजी कोश होता आणि इंग्रजी–मराठी कोश होता. मधली इंग्रजी पायरी चढताना तपासणीचं नियंत्रण झालं. हा शब्द मला माहीत नव्हता असं नाही. पुस्तिकेतल्या इतर अनेक जागी मी तो नीट लिहिला होता. इथे थकले होते, आणि वाक्य मराठीत ‘दिसायला’ ठीक होतं.

‘प्रोब नियंत्रित करा’ हे वाक्य वाचून माणूस काय करेल? भाऊंनी माझ्यासमोर केलं ते हे. स्टीलच्या डब्यात बर्फाचे मोठे खडे, त्यावर भरपूर पाणी, प्रोब तळाला. रेकॉर्डरने ०.३ दाखवलं. भाऊ मेनूत शिरले, ‘देकालाज’ म्हणजे प्रत्येक प्रोबची दुरुस्ती भरायची जी जागा असते ती उघडली, आणि आकडा असा बदलला की डिस्प्लेवर शून्य येईल. “झाला कंट्रोल,” म्हणाले.

मी विचारलं, “दर आठवड्याला असंच करता?”

“हो मॅडम. हे बघा, लिहून ठेवलंय.”

त्यांची वही नसती तर काही कळलं नसतं. दुसऱ्या खोलीच्या प्रोबसमोर पहिल्या आठवड्यात −०.९ लिहिलं होतं, दुसऱ्या आठवड्यात −०.३. आठ दिवसांत चांगला प्रोब इतका बदलत नाही. बदलत होता तो बर्फाचा डबा. बर्फ पाण्यापेक्षा हलका, म्हणून खडे वर तरंगतात; आणि पाणी चार अंशांच्या आसपास सगळ्यात जड असतं, त्यामुळे तळाचं पाणी शून्यापेक्षा उबदार राहतं. पहिल्या आठवड्यात तळाचं पाणी ०.९ अंश असणार. प्रोबने ते खरं सांगितलं आणि त्या खऱ्याला खोटं ठरवून ०.९ वजा केलं गेलं. पुढचे सात दिवस खोली खरोखर १ अंशावर असताना रेकॉर्डर ०.१ दाखवत होता. कागदावर सगळं उत्तम, खोलीत मात्र माल जवळजवळ एक अंश जास्त गरम. रेकॉर्डर ज्यासाठी लावला होता, तेच त्याच्याकडून हिरावलं गेलं होतं.

मापनाच्या फ्रेंचमध्ये या प्रांतात चार शब्द शेजारी-शेजारी राहतात आणि ते कसोशीने वेगळे ठेवलेले आहेत. कोंत्रोल म्हणजे नुसतं बघणं. वेरिफिकासिओं म्हणजे ठरलेल्या मर्यादेत आहे की नाही याचा निवाडा. एतालोनाज म्हणजे ज्याची किंमत खात्रीने माहीत आहे अशा प्रमाणाशी ताडून, आपलं उपकरण कुठे किती चुकतं हे अनिश्चिततेसह ठरवणं. आणि आज्युस्ताज म्हणजे उपकरणात हात घालून ते दुरुस्त करणं. पहिल्या तिघांत उपकरणाला काहीही करायचं नसतं. चौथ्यात करायचं असतं. सगळा घोटाळा तिघांतून चौथ्यात घसरण्याचा आहे.

हे घसरणं फक्त मराठीत होतं असं समजू नका. मापनशास्त्राचा एक आंतरराष्ट्रीय शब्दसंग्रह आहे, फ्रेंच आणि इंग्रजी समोरासमोर छापलेला. पहिली आवृत्ती १९८४ ची, तिसरी २००८ ची, तिच्यात २०१२ साली किरकोळ दुरुस्त्या झाल्या. पॅरिसजवळच्या सेव्हर इथल्या आंतरराष्ट्रीय वजनमापे कार्यालयाच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. १८७५ च्या मीटर कराराने हे कार्यालय उभं राहिलं आणि भारत १९५७ पासून त्या करारात आहे. त्या संग्रहात एतालोनाजच्या नोंदीखालीच टीप आहे की याची आज्युस्ताजशी गल्लत करू नये. टीप द्यावी लागली याचा अर्थ गल्लत सगळीकडे होते.

म्हणूनच ‘कॅलिब्रेशन’ हा आपल्याकडे रुळलेला शब्द लिहून मोकळं होता येईना. भोसरीपासून सातपूरपर्यंत कुठल्याही वर्कशॉपमध्ये तो सगळ्यांना कळतो, पण “जरा कॅलिब्रेट कर रे” म्हणणाऱ्याला बरेचदा “बरोबर येईल असं कर” म्हणायचं असतं. कोशातले अंशांकन किंवा अंशशोधन हे शब्द निर्दोष आहेत, पण रात्रपाळीत एकट्या माणसाला ते काय करायचं ते सांगत नाहीत.

मग मी आपल्याच भाषेत शोधत बसले, आणि आनंद असा की सापडलं. वेरिफिकासिओंसाठी ‘पडताळणी’ तयारच होता. वैधमापन खात्याचे लोक दुकानदाराच्या काट्यावर जे करतात ती पडताळणी आणि मुद्रांकन; बाजार समितीत माल घातलेल्या कुठल्याही शेतकऱ्याला हा शब्द आणि त्यामागची क्रिया माहीत असते. कोंत्रोलला ‘तपासणी’. एतालोनाजला ‘कॅलिब्रेशन’ ठेवलं, कारण प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रावर तोच शब्द येणार, पण पुस्तिकेत प्रत्येक वेळी त्यालाच चिकटून ‘म्हणजे मास्टरशी ताडून पाहणं’ असं लिहिलं. मास्टर हा शब्द भाऊंनी दिला. फ्रेंच ‘एतालों’साठी मी आधी ‘मानक’ लिहिलं होतं. फ्रेंचमध्ये ‘एतालों’चा आणखी एक अर्थ वळू घोडा असाही होतो, त्यामुळे यंत्राने केलेल्या भाषांतरात तिथे काय येईल याची धास्ती वेगळीच. भाऊ म्हणाले, “आमच्या लॅबवाल्याकडे मास्टर थर्मामीटर आहे, त्याच्याशी लावून बघतात तेच ना हे?” तेच होतं. आणि आज्युस्ताजला ‘दुरुस्ती आकडा बदलणं’, इतकं उघडं. पुढे ठळक अक्षरात: हे फक्त तंत्रज्ञाने करायचं.

बर्फाची कृतीही मी नव्याने लिहिली. मूळ पुस्तिकेत ‘ग्लास फोंदांत’, वितळता बर्फ, एवढेच दोन शब्द होते. फ्रेंच तंत्रज्ञाला ते पुरतात. इथे चार वाक्यं लागली. बर्फ बारीक कुटा. फटी भरतील इतकंच पाणी घाला. प्रोब मधोमध ठेवा, तळाला टेकवू नका. दहा मिनिटं थांबून आकडा लिहा. हे भाषांतराच्या कक्षेत येतं का, असं माझ्या एका सहकाऱ्याने विचारलं. माझं उत्तर हो असं आहे. मूळ वाक्य वाचून मूळ वाचकाच्या हातून जे घडतं, ते आपल्या वाचकाच्या हातून घडत नसेल, तर आपलं वाक्य अजून पूर्ण झालेलं नाही.

स्वल्पविराम

आकडे भाषांतरायचे नसतात, जसेच्या तसे उतरवायचे, असं मला वाटत होतं. त्या दिवशी दुपारी तेही गेलं.

पॅकहाऊसचे इलेक्ट्रिशियन एक सुटा प्रोब घेऊन आले. “हा खराब निघाला, भंगारात टाकू का?” मल्टिमीटरवर तो ११० ओहमच्या जवळपास दाखवत होता. प्रोबसोबत आलेल्या फ्रेंच प्रमाणपत्राच्या माझ्या भाषांतरात शून्य अंशाचा रोध छापला होता: १००,००० ओहम.

फ्रेंचमध्ये दशांशासाठी टिंब नव्हे, स्वल्पविराम. त्या कागदावर शंभर ओहम लिहिले होते, दशांशानंतर तीन शून्यं देऊन. पीटी-१०० या नावातला १०० तोच. खोलीच्या तापमानाला त्याने ११० च्या आसपास दाखवणं अगदी योग्य होतं. पण कागद वाचणाऱ्याला लाख ओहम दिसले, आणि लाखाच्या जागी एकशे दहा आल्यावर कुणीही तो प्रोब शॉर्ट झालाय असंच म्हणेल. चांगला प्रोब भंगारात जाता जाता वाचला.

वजनमापांच्या सर्वसाधारण परिषदेने २००३ साली ठराव केला की दशांशचिन्ह टिंब असो वा स्वल्पविराम, दोन्ही चालतील. मात्र मोठ्या संख्येत तीन-तीन अंकांचे गट पाडायचे तर मध्ये मोकळी जागा सोडावी, टिंब किंवा स्वल्पविराम घालू नये. फ्रेंच कागद हा नियम पाळतात. आपण लाख-कोटीच्या हिशेबात स्वल्पविराम घालतो, तो आपल्या अंगवळणी आहे आणि तो सोडायला कुणी तयार होणार नाही, मीही नाही. म्हणजे भाषांतरात प्रत्येक आकड्याकडे शब्दाइतकंच लक्ष द्यायला हवं. मी पूर्ण पुस्तिका पुन्हा उघडून एकेक दशांश टिंबात आणला.

उतरवलेल्या डेटाचीही तीच कथा. फ्रेंच सॉफ्टवेअर सीएसव्ही फाइलमध्ये, म्हणजे साध्या मजकुरात साठवलेल्या तक्त्यात, रकाने अर्धविरामाने तोडतं, कारण स्वल्पविराम दशांशात अडकलेला. आपल्याकडच्या सेटिंगवर एक्सेलने ती फाइल उघडली की ते स्वल्पविरामावर तोडतं, आणि ०,४ चं शून्य एका रकान्यात, चार दुसऱ्यात. ऑफिसमधल्या मुलीने महिनाभर हे रकाने हाताने जोडले होते, “फ्रेंच फाइल अशीच असते” असं समजून. सॉफ्टवेअरच्या सेटिंगमधलं एक घर बदललं आणि तिचं सोमवारचं तासाभराचं काम संपलं.

अचूकतेच्या शब्दांबद्दल थोडक्यात. रेकॉर्डरच्या माहितीपत्रकावर ‘प्रेसिझिओं ±०,३ °से.’ असं होतं आणि मी ‘परिशुद्धता’ लिहिलं होतं. शब्दसंग्रहाच्या काटेकोर फ्रेंचमध्ये खऱ्या किमतीच्या जवळ असणं म्हणजे ‘एग्झाक्तित्यूद’, आणि पुन्हा पुन्हा मोजल्यावर आकडे एकमेकांच्या जवळ येणं म्हणजे ‘फिदेलिते’. पत्रकं लिहिणारे मात्र सर्रास पहिल्या अर्थी ‘प्रेसिझिओं’ म्हणतात. त्या जागी मराठीत ‘अचूकता’ हवी, आणि निर्यातदाराला तीच हवी असते. ‘रेझोल्युसिओं’ला, म्हणजे उपकरण दाखवू शकतं त्या सगळ्यात लहान फरकाला, मी ‘विभेदनक्षमता’ लिहिलं होतं. भाऊंनी आयटीआयमध्ये शिकलेला ‘लीस्ट काउंट’ सुचवला आणि तो मी तसाच घेतला.

मार्चचा शेवटचा रविवार

फेब्रुवारीत सुधारलेली पुस्तिका आणि तक्ता गेला. सोमवारच्या फाइलमध्ये सातही दिवस येऊ लागले, बर्फाच्या तपासणीत आकडे ०.१ च्या आत राहू लागले. मी निश्चिंत झाले.

एप्रिलच्या सुरुवातीला मॅनेजरांचा फोन आला. निर्यातीची कागदपत्रं तपासणाऱ्यांनी एका रात्रीच्या नोंदीवर बोट ठेवलं होतं. पहाटे १:५० ची नोंद आहे, त्यानंतर थेट ३:०० ची. मधला एक तास कुठे आहे? वीज गेली होती का? खोली बंद होती का? त्या खोलीतला माल तेव्हा समुद्रात होता.

तारीख ऐकली आणि माझ्या लक्षात आलं. मार्चचा शेवटचा रविवार. युरोपात त्या पहाटे घड्याळं एक तास पुढे सरकतात, आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी परत मागे येतात. रेकॉर्डरमध्ये ‘अर देते’ आपोआप लागू करायची सोय होती: ‘वी’ किंवा ‘नों’, होय किंवा नाही. ‘अर’ म्हणजे वेळ, ‘एते’ म्हणजे उन्हाळा. तक्त्यात मी लिहिलं होतं, ‘उन्हाळी वेळ : होय / नाही’. शब्दाला शब्द बरोबर. दोन्ही फेऱ्यांत मी ती ओळ वाचली आणि दोन्ही वेळा ती मला निर्धोक वाटली.

मार्चमध्ये नाशिककडे ऊन चढायला लागल्यावर भाऊंनी ते ‘होय’ केलं होतं. उन्हाळा लागला, मशीनला सांगायला हवं. कॉम्प्रेसरवर ताण येतो, रेकॉर्डर कदाचित त्याचा हिशेब ठेवत असेल. ज्या देशात घड्याळ वर्षभर एकच वेळ दाखवतं, तिथे ‘उन्हाळी वेळ’ या शब्दांचा याहून समजूतदार अर्थ कोण कसा काढणार?

इथे नोंद गेलेली नव्हती. घड्याळाने उडी मारली होती, तापमान सलग लिहिलं गेलं होतं. नोंदींची संख्या मोजून ते दाखवता आलं: त्या दिवसाच्या १४४ पैकी सहा नोंदींच्या वेळा नाहीशा, आणि त्यानंतरचा सगळा आठवडा गावातल्या घड्याळापेक्षा तासभर पुढे. मी फ्रेंच पुस्तिकेतलं ते पान, त्याचं भाषांतर आणि माझ्या तक्त्यातली संदिग्ध ओळ यांचा खुलासा लिहून सहीनिशी दिला. मॅनेजर म्हणाले, “मॅडम, तुम्ही तुमच्या नावावर कशाला घेता?” पण ती चूक माझीच होती, आणि तसं लिहिलं नसतं तर ती ऑपरेटरच्या नावावर गेली असती.

तक्त्याची तिसरी प्रत पुढच्या हंगामाआधी लागली. ‘पा दांरजिस्त्रमां’ तिच्यात दोनदा आहे: ‘पुढे मिनिटांचा आकडा दिसत असेल तर: दर किती मिनिटांनी नोंद. १० ठेवा.’ आणि ‘आकडा नसेल तर: रेकॉर्डिंग बंद आहे. लगेच चालू करा.’ ‘आंरजिस्त्रे’ हा शब्द बटणावर असेल तिथे ‘सेव्ह’, इतरत्र ‘रेकॉर्डिंग’; आधी दोन्हीकडे ‘नोंदवा’ होतं. ‘कोंसिन्य’ सुरक्षेच्या पानावर ‘सूचना’ आणि तापमानाच्या पानावर ‘सेट पॉइंट’. ‘अर देते’समोर लिहिलं आहे: ‘युरोपातलं घड्याळ पुढे-मागे करण्याची सोय. भारतात लागत नाही. कायम नों.’

ही प्रत छापण्याआधी मी कच्चा तक्ता घेऊन पुन्हा एक दिवस तिथे बसले. प्रत्येक ओळीवर बोट ठेवून विचारत गेले, “भाऊ, हे वाचून तुम्ही काय कराल?” ते जे सांगत ते मी समासात लिहून घेत होते. तपासणीच्या ओळीवर ते थांबले, माझ्या हातातलं मार्कर घेतलं आणि माझ्या छापील वाक्याखाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: ‘फक्त बघायचं. हात लावायचा नाही. वहीत लिहायचं.’ छापताना मी माझं वाक्य काढलं आणि त्यांचं ठेवलं.